मनिलातल्या नावाजलेल्या फिलिपिनो रेस्टॉरंटमध्ये सहकुटुंब जेवायचे असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे सात जणांचे एक कुटुंब मुलाच्या नोकरीच्या निमित्ताने काही दिवस मनिलात येणार आहे आणि तिथल्या एखाद्या लोकप्रिय फिलिपिनो रेस्टॉरंटमध्ये सर्वांनी मिळून एकदा व्यवस्थित जेवावे, अशी त्यांची इच्छा आहे. मात्र आई पूर्ण शाकाहारी आहेत, वडील मासे आणि चिकन खातात पण गोमांस व डुकराचे मांस वर्ज्य मानतात, मुलगा, सून आणि मुलगी यांना कशाचेच वावडे नाही, आणि दोन नातवंडांपैकी धाकट्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. असे जेवण जमेल का, काय मागवावे आणि काय टाळावे, असे त्यांनी विचारले आहे.

मनिलात रेस्टॉरंट चालवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश देण्याचा निर्णय जून २०२५मध्ये लागू झाल्यापासून भारतातून येणाऱ्या कुटुंबांच्या जेवणाची आखणी हाही माझ्या कामाचा मोठा भाग झाला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की हे जेवण जमेल आणि चांगले जमेल. फक्त थाळीच्या सवयीने प्रत्येकाचे वेगळे मागवण्याऐवजी संपूर्ण टेबलाचा एकत्र विचार करावा लागेल, आणि ‘हा पदार्थ शाकाहारी आहे का’ असे विचारण्याऐवजी ‘यात काय काय घालता’ असे विचारावे लागेल.

फिलिपिनो जेवण भाताभोवती रचलेले असते. आधी सूप, मग स्टार्टर, मग मुख्य पदार्थ असा क्रम तिथे पाळला जात नाही; जे तयार होईल ते बाहेर येते, टेबलाच्या मध्यभागी ठेवले जाते आणि सगळे त्यातून घेतात. सूप म्हणून जे येते तेही भाताबरोबर खाण्याचा रस्साच असतो, त्यामुळे ते आधी संपवून पुढच्या पदार्थाची वाट पाहत बसू नये. चांगल्या टेबलावर एक आंबट रस्सा, एक तळलेला किंवा निखाऱ्यावर भाजलेला पदार्थ, एक भाजी आणि खारट-आंबट असे काहीतरी तोंडी लावायला, एवढे असले की जेवण पुरे झाले असे मानतात. प्रत्येक पदार्थ साधारणपणे दोन-तीन जणांना पुरेल इतका असतो, म्हणून प्रत्येकासाठी वेगळा पदार्थ मागवण्याची गरज नसते.

या जेवणाची खरी गंमत मात्र टेबलावरच्या छोट्या वाट्यांमध्ये आहे. वेटर एका बशीत अर्ध्या कापलेल्या कलमान्सी, म्हणजे सुपारीपेक्षा थोडी मोठी हिरवी लिंबे, आणि बारीक तिखट मिरच्या ठेवून जातो. सोया सॉस, लसूण-मिरची घातलेल्या व्हिनेगरची बाटली आणि पातिस, म्हणजे मासे खारवून-आंबवून काढलेला तांबूस द्रव, टेबलावर आधीपासून असतात किंवा मागितल्यावर मिळतात. शेजारच्या टेबलावरील जाणत्या माणसाकडे जरा लक्ष द्या. तो ताटातल्या पदार्थाला हात लावण्याआधी दोन-तीन कलमान्सी वाटीत पिळतो, बिया चमच्याच्या टोकाने बाजूला करतो, त्यावर सोया सॉसची धार सोडतो आणि मिरची चमच्याच्या पाठीने वाटीच्या कडेला चिरडतो. मग चव घेऊन पुन्हा एक कलमान्सी पिळतो. तळलेल्या मांसाबरोबर व्हिनेगर, भाजलेल्या चिकनबरोबर किंवा माशाबरोबर सोया आणि कलमान्सी, आंबट रश्शातील माशाबरोबर पातिस, अशी साधारण जोडी असते, पण प्रत्येकाचे प्रमाण वेगळे. या सगळ्याला तिथे साउसावान म्हणतात, आणि मुदपाकखान्यातला स्वयंपाकी खारट, आंबट व तिखट या तिन्ही चवींना मुद्दाम जागा ठेवतो, कारण शेवटची चव खाणाऱ्याने लावायची असते. ‘फिलिपिनो जेवण सपक वाटले’ अशी तक्रार करणाऱ्या पाहुण्यांच्या टेबलावरील वाट्या बहुधा कोऱ्या असतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तुमच्या कुटुंबाला याचा मोठा फायदा आहे. तिखट हवे असलेल्याने आपल्या वाटीत मिरची चिरडावी, मुलांनी तेच चिकन साधे खावे. काही ठिकाणी केळ्यांपासून केलेला गोडसर केचपही टेबलावर असतो आणि मुलांना तो लगेच आवडतो. त्याचे श्रेय मारिया ओरोसा या फिलिपिनो अन्नशास्त्रज्ञ बाईंना दिले जाते, ज्या १९४५ साली मनिलाच्या लढाईत मारल्या गेल्या. आईंनी मात्र वाट्यांच्या बाबतीत सावध राहावे. पातिस माशाचे आहे आणि बागोओंग नावाचा जांभळट लगदा बारीक कोळंबीचा, म्हणजे आपल्या जवळ्याच्या जातीचा खारवलेला प्रकार आहे. शिवाय भाजलेल्या डुकराबरोबर येणाऱ्या घट्ट तपकिरी सॉसमध्ये बहुतेक वेळा यकृत असते.

आता पदार्थांकडे वळतो. सिनिगांग हा आंबट रस्सा तुमच्या टेबलावर असलाच पाहिजे. कच्च्या चिंचा उकडून त्यांच्या कोळात मुळा, भेंडी, चवळीच्या लांब शेंगा, टोमॅटो, नाळीची भाजी आणि अनेकदा अळकुड्या घालतात, आणि त्यात कोळंबी, मासे, डुकराचे मांस किंवा गोमांस यांपैकी एक असते. मेनूवर नुसते सिनिगांग लिहिलेले असेल तर ते डुकराचे आहे असे समजावे. तुम्ही कोळंबीचे किंवा माशाचे स्पष्टपणे मागावे, आणि रश्शाचे पाणी कशाचे आहे हेही विचारावे. आंबटपणा प्रदेशानुसार बदलतो. कुठे पेरू वापरतात, कुठे कामियास, म्हणजे कोकण-गोव्यातील बिंबले, तर मध्य फिलिपिन्समधील इलोइलो आणि नेग्रोसकडे बातवान नावाचे फळ वापरतात, जे आपल्या कोकमाप्रमाणेच गार्सिनिया या प्रजातीतले आहे. त्याच भागात बातवान घालून तूर, कच्चा फणस आणि डुकराचे मांस यांचा एक नामांकित पदार्थ केला जातो. कोकणी माणसाला त्यातील तीन गोष्टी घरच्या वाटतात आणि चौथीपाशी अनेकांची पंचाईत होते. मुलांना सिनिगांग फार आंबट वाटण्याची शक्यता आहे. त्यांच्यासाठी तिनोला मागवावे: आले घातलेला चिकनचा पातळ रस्सा, त्यात कच्ची पपई आणि शेवग्याचा किंवा मिरचीचा पाला, तिखट अजिबात नाही.

निखाऱ्यावरचे चिकन हा तुमच्या टेबलाचा कणा ठरेल, कारण आई सोडल्या तर सर्वांना ते चालेल. इलोइलो-बाकोलोदच्या पद्धतीचे इनासाल गवती चहा, कलमान्सी, व्हिनेगर आणि आले यांत मुरवून भाजतात आणि भाजताना त्यावर शेंदरी बियांनी रंगवलेले तेल फिरवतात. मागवताना पेचो, म्हणजे छातीचा भाग, की पा, म्हणजे तंगडी, असे विचारतात. माझे मत नि:संकोच तंगडीच्या बाजूने आहे, कारण छातीचा भाग निखाऱ्यावर लवकर कोरडा पडतो. चिकनची चरबी वितळवून केलेले पिवळे तेल भातावर घालण्यासाठी बाजूला ठेवलेले असते, तेवढे आईंच्या भातापासून लांब ठेवावे. भाताविषयी आणखी एक गोष्ट: इनासालच्या दुकानांनी ‘हवा तेवढा भात’ ही पद्धत इतकी रूढ केली आहे की २०१७मध्ये एका सिनेटर बाईंनी ती बंद करण्याचा विचार बोलून दाखवताच देशभर गदारोळ झाला आणि त्यांना माघार घ्यावी लागली.

अडोबो हा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरे आणि तमालपत्र यांत शिजवलेल्या मांसाचा असतो. चिकनचा अडोबो वडिलांना नक्की आवडेल, परंतु चिकन आणि डुकराचे मांस एकाच भांड्यात शिजवण्याची रीतही तितकीच जुनी आहे, म्हणून ‘फक्त चिकन का’ हे विचारल्याशिवाय मागवू नये. हीच गोष्ट शेवयांच्या पान्सितची: वर कोळंबी दिसते आणि खाली डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, किंवा तळलेल्या कातडीचा चुरा भुरभुरलेला असतो. लुंपियाच्या बारीक, कुरकुरीत गुंडाळ्या पाहून मुलांना मोह होईल, पण त्यांतील सारण सहसा डुकराच्या खिम्याचे असते.

आपापल्या इच्छेने डुकराचे मांस खाणाऱ्या तिघांना सिसिग चाखायला हरकत नाही. डुकराचे डोके आणि कान उकडून, भाजून, बारीक चिरून कांदा, मिरची व कलमान्सीबरोबर तापलेल्या लोखंडी तव्यावर चरचरत आणलेला हा पदार्थ पाम्पांगा प्रांतातील आंजेलेस शहरात लुसिया कुनानान या बाईंनी १९७०च्या दशकात रेल्वेरुळांजवळच्या आपल्या दुकानातून प्रसिद्ध केला, आणि २०१७मध्ये त्या शहराने ठराव करून त्याला आपला वारसा म्हणून मान्यता दिली. मनिलात त्यावर अंडे फोडतात, कधी मेयोनीजही घालतात. पाम्पांगाच्या माणसाला ते पटत नाही आणि मलाही पटत नाही. वडिलांसाठी बांगुस माशाचे सिसिग मिळते आणि ते बहुतेक ठिकाणी चांगले असते. बांगुसमध्ये काटे पुष्कळ असतात, म्हणून भाजलेला किंवा तळलेला बांगुस मागवायचा असल्यास काटे काढलेलाच मागावा.

कारे-कारे तुमच्या टेबलावर येऊ देऊ नये. बैलाचे शेपूट व वजडी, केळफूल, वांगी आणि शेंगा शेंगदाण्याच्या दाट रश्शात शिजवून हा पदार्थ करतात आणि तो मुद्दाम अळणी ठेवून वर बागोओंग लावून खातात. पदार्थ अप्रतिम आहे, परंतु तुमच्या तीनही अडचणी त्या एका भांड्यात आहेत. शेंगदाण्यासाठी आणखी दोन ठिकाणी लक्ष ठेवावे: ताज्या, न तळलेल्या लुंपियावर गोड सॉस घालून त्यावर शेंगदाण्याचे कूट पसरतात, आणि भाजलेल्या चिकनबरोबर काही ठिकाणी येणाऱ्या सॉसमध्येही शेंगदाणे असतात. मुलाची ॲलर्जी तीव्र असेल तर ऑर्डर देण्याआधीच वेटरला सांगावे. तिथे शेंगदाण्याला मानी म्हणतात, पण इंग्रजी सर्वत्र समजते, त्यामुळे भाषेची अडचण येणार नाही.

आईंचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. फिलिपिनो मेनूवर भाज्यांचे स्वतंत्र पान असते, त्यावर वांगी, कारली, भेंडी, लाल भोपळा, नाळीची भाजी, अळू अशी सगळी ओळखीची मंडळी दिसतात, आणि नेमका तिथेच शाकाहारी माणूस फसतो. भाजी लसूण-कांदा-टोमॅटोवर परततात आणि तिला चव यावी म्हणून डुकराचे दोन-चार तुकडे, कोळंबी, बागोओंग किंवा पातिस घालणे इतके सहज असते की स्वयंपाक्याच्या दृष्टीने तो पदार्थ भाजीच राहतो. पिनाकबेत ही मिश्र भाजी बागोओंगशिवाय होत नाही. बिकोल प्रदेशातील लाइंग, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला सुका अळू, पाहताक्षणी आईंना हवासा वाटेल, पण त्यात सुकी मासळी, कोळंबी किंवा डुकराचे मांस असतेच. मुगाचा दाट रस्साही मिळतो; कॅथलिक उपासामुळे तो शुक्रवारी करण्याची प्रथा आहे, तरी त्यात सुकवलेला मासा किंवा वर तळलेली कातडी असणे अगदी नेहमीचे आहे, कारण तिथल्या उपासात मासा चालतो.

म्हणूनच ‘व्हेज आहे का’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. वेटर हो म्हणेल, आणि तो खोटे बोलत नसेल, कारण त्याच्या मते ती भाजीच आहे. शिवाय पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणे तिथे अवघड वाटते, त्यामुळे हो-नाहीचा प्रश्न विचारला की उत्तराचा कल होकाराकडेच असतो. पदार्थात काय काय घालता हे विचारावे, आणि नको असलेल्या गोष्टी एकेक करून सांगाव्यात: डुकराचे मांस नको, कोळंबी नको, बागोओंग नको, पातिस नको, ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, नको, मांसाच्या सुपाचे क्यूब नको. हे एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून वेटरच्या हाती दिले तर उत्तम, कारण ती चिठ्ठी थेट मुदपाकखान्यात जाते आणि ऐकण्या-सांगण्यातली चूक टळते.

दुसरी गोष्ट आतल्या माणसालाच ठाऊक असते ती अशी: जो पदार्थ ऑर्डर आल्यावर कढईत केला जातो त्यात बदल करून मिळतो, आणि जो सकाळी मोठ्या पातेल्यात करून ठेवलेला असतो त्यात मिळत नाही. लाइंग, मुगाचा रस्सा आणि कारे-कारे पातेल्यातले आहेत. तिथे विनंती करण्यात अर्थ नाही. नाळीच्या भाजीचा अडोबो मात्र कढईतला आहे. तेल तापले की ठेचलेला लसूण पडतो, तो सोनेरी होतो न होतो तोच देठांसकट भाजी पडते, मग सोया आणि व्हिनेगर, आणि मिनिटा-दोन मिनिटांत भाजी बशीत येते. याच क्षणी स्वयंपाक्याचा हात सवयीने ऑयस्टर सॉसच्या डब्याकडे जातो. आपण आधी सांगितलेले असेल तर तो हात थांबतो, आणि ती भाजी आईंना भाताबरोबर अतिशय आवडेल असा माझा अंदाज आहे.

भाजलेल्या वांग्याचे सॅलड हा आईंचा दुसरा आधार. वांगे भाजून, सोलून, कांदा-टोमॅटो आणि व्हिनेगर घालून ते आणतात. बागोओंग न घालता आणायला सांगावे आणि मीठ-मिरची टेबलावर घालावी. अंडे चालत असेल तर वांगे अंड्यात बुडवून केलेले तोर्तांग तालोंग मागवता येते, फक्त खिमा नको असे सांगावे लागते. कच्च्या पपईचे गोड-आंबट लोणचे, कच्चा आंबा, लसणाचा भात किंवा साधा भात यांत सहसा काही लपलेले नसते. तळलेल्या पदार्थांबाबत आईंनी आग्रह धरू नये, कारण गर्दीच्या मुदपाकखान्यात टोफू, केळी आणि डुकराची तंगडी बहुधा एकाच तेलातून निघतात, आणि तेल वेगळे असल्याची खात्री कोणी प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही. कढई व पळी वेगळी हवी, इतका आईंचा नियम कडक असेल तर स्पष्टच सांगतो: त्यांच्यासाठी त्या दिवशी फळे आणि साधा भात एवढेच उरते, आणि त्यांचे मुख्य जेवण मकातीमधील एखाद्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये वेगळे करून घ्यावे.

रेस्टॉरंट कोणते निवडावे, हे मी शेवटी सांगतो आहे, कारण वरच्या गोष्टी कळल्यावर ते दुय्यम ठरते. रोहास बुलव्हारवरील ॲरिस्टोक्रॅट १९३६ पासून चालू आहे आणि तिथले भाजलेले चिकन व पिवळा जावा भात खाण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे पिढ्यान् पिढ्या जातात. मनिला उपसागर समोरच असल्याने जेवणानंतर वडीलधाऱ्यांना फिरताही येते. तिथल्या चिकनबरोबर येणारा जावा सॉस मात्र शेंगदाण्याचा असतो, तो धाकट्यापासून दूर ठेवावा. मॅक्स हे १९४५ साली केसोन सिटीत अमेरिकन सैनिकांच्या येण्या-जाण्यातून उभे राहिलेले नाव आहे, तिथले पीठ न लावता तळलेले अख्खे चिकन मुलांना चटकन आवडते. बारियो फिएस्टाची ख्याती क्रिस्पी पाता, म्हणजे डुकराची तळलेली तंगडी, आणि कारे-कारे यांच्यासाठी आहे, म्हणजे तुमच्या टेबलाला ते सोयीचे नाही. मॉलमधील मानाममध्ये बरेच पदार्थ लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन आकारांत मिळतात, आणि मिश्र आहाराच्या कुटुंबाला हीच गोष्ट सर्वांत उपयोगी पडते, कारण आईंसाठी लहान बशी आणि चिकनसाठी मोठी असे करता येते. तिथले कलिंगड घातलेले सिनिगांग नावाजलेले आहे, पण ते गोमांसाचे. माझ्यावर सोपवले तर मी तुम्हांला मानाममध्ये किंवा ॲरिस्टोक्रॅटमध्ये नेईन.

बूडल फाइट म्हणून केळीच्या पानांवर सगळे जेवण एकत्र मांडून हाताने खाण्याचा प्रकार अनेक ठिकाणी मिळतो. केळीचे पान आणि हाताने जेवणे आपल्या सवयीचे असल्याने मराठी कुटुंबांना त्याची फार ओढ वाटते. तुम्ही तो मुळीच घेऊ नये. भाताच्या एकाच लांब राशीवर डुकराचे मांस, मासे, कोळंबी आणि भाज्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात, त्यांचे रस एकमेकांत उतरतात, आणि आईंना त्या पानावर हात घालायला जागाच उरत नाही. डुकराचे मांस मुळीच नसलेले जेवण हवे असेल तर कियापो भागात, तिथल्या सोनेरी घुमटाच्या मशिदीच्या आसपास, दक्षिणेकडील मिंदानाव बेटावरच्या मारानाव या मुस्लिम समाजाच्या साध्या खानावळी आहेत. आले, मिरची आणि कांदापातीसारख्या पात्या वाटून केलेला त्यांचा पालापा हा मसाला मराठी जिभेला बाकी मनिलापेक्षा जास्त मानवतो. तिथे बसायची व्यवस्था मात्र साधी असते आणि गोमांस असते.

रविवारी दुपारी जाऊ नये. चर्चमधील प्रार्थनेनंतर सर्व कुटुंबे तिथेच येतात, आणि महिन्याच्या १५ तारखेच्या व अखेरच्या आसपास पगार होतात तेव्हाही तितकीच गर्दी असते. गर्दीच्या वेळी लोकप्रिय रेस्टॉरंट टेबल राखून ठेवायला सहसा तयार नसतात. दारापाशी नाव आणि माणसांची संख्या लिहून घेतात, आणि सात जणांचे टेबल लागायला वेळ लागतो. आठवड्यातील मधल्या दिवशी सकाळी साडेअकराच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पोहोचावे. वेळेचा दुसरा फायदा असा की मुदपाकखाना मोकळा असतो आणि तुमची चिठ्ठी कोणीतरी शांतपणे वाचतो. दुपारी साडेबाराला स्वयंपाक्याच्या समोर वीस ऑर्डरी लटकलेल्या असताना ऑयस्टर सॉस नको ही सूचना पाळली जाईलच असे मी सांगू शकत नाही.

सात जणांसाठी मी अशी ऑर्डर देईन: कोळंबीचे सिनिगांग एक, मुलांसाठी तिनोला एक, भाजलेले चिकन दोन बशा, बांगुसचे सिसिग एक, नाळीच्या भाजीचा अडोबो आईंच्या सूचनांप्रमाणे दोन बशा, भाजलेल्या वांग्याचे सॅलड बागोओंगशिवाय एक, आणि साध्या भाताचे एक मोठे भांडे. आईंच्या पदार्थांच्या बशा त्यांच्याच हाताशी राहतील आणि इतर पदार्थांतले चमचे त्यांत जाणार नाहीत, एवढे मुलाने पाहावे. पिण्यासाठी कलमान्सीचे सरबत सर्वांना चालेल. फुकट मिळणारे पाणी हवे असल्यास सर्व्हिस वॉटर मागतात, पण ज्येष्ठांसाठी आणि मुलांसाठी मी बाटलीच घेईन.

टेबलावर सुरी नसेल, त्याचे आश्चर्य वाटून घेऊ नये. उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा धरतात, काट्याने घास चमच्यात लोटतात आणि मांस चमच्याच्या धारेने तोडतात. वेटरला तरुण असेल तरी कुया, म्हणजे दादा, आणि वेट्रेसला आते, म्हणजे ताई, म्हणण्याची रीत आहे. वाक्याच्या शेवटी आदरार्थी ‘पो’ जोडला की समोरचा माणूस मनापासून हसतो. हात वर करून नजर मिळवली की पुरते. टाळी वाजवू नये.

गोडासाठी हालो-हालो एक मोठे मागवून चमचे जास्त घ्यावेत. किसलेल्या बर्फाखाली गोड पाकातले घेवड्याचे दाणे, साबुदाणा, नारळ आणि फणस असतो, वर जांभळ्या उबेचा गोळा असतो, आणि उबे म्हणजे आपले कोनफळच. त्यातील जेलीचे तुकडे पाहून अनेक शाकाहारी दचकतात. गुलामान असेल तर ते समुद्री शेवाळापासून करतात, म्हणून चालण्यासारखे आहे, पण पाकिटातल्या रंगीत जेलीबद्दल एकदा विचारून घ्यावे. वर ठेवलेली लेचे फ्लानची फोड मात्र अंड्याची आहे, आईंना अंडे चालत नसेल तर ती त्यांच्या वाटीत नको असे आधीच सांगावे. आंब्याचा हंगाम असेल तर नुसता पिकलेला आंबा मागावा. हापूसच्या अभिमानाने गेलेले पाहुणेही तो संपवतात.

बिल मागताना हवेत दोन बोटांनी चौकोन काढला की वेटर समजतो. मेनूवरील किमतीत १२ टक्के मूल्यवर्धित कर सहसा धरलेला असतो आणि बिलात बऱ्याचदा १० टक्के सर्व्हिस चार्ज वेगळा दाखवतात. २०१९च्या कायद्यानुसार तो पूर्णपणे व्यवस्थापक सोडून बाकी कर्मचाऱ्यांमध्ये वाटावा लागतो, त्यामुळे वेगळी टीप देण्याचे बंधन नाही. वेटरने आईंच्या चिठ्ठीसाठी दोन फेऱ्या जास्त मारल्या असतील तर थोडे पैसे बिलाच्या पाकिटात ठेवावेत. दारावर आणि काउंटरवर ज्येष्ठ नागरिकांना २० टक्के सवलतीची पाटी दिसेल, पण ती फिलिपिनो नागरिकांसाठी आहे. आई-वडिलांचे आधार कार्ड पर्समधून काढण्याची गरज नाही. उरलेले चिकन आणि भात बांधून देण्यास सांगावे, तिथे त्यात कोणालाही संकोच वाटत नाही आणि वेटर बहुधा स्वतःच विचारतो; सिनिगांग मात्र उकाड्यात फार वेळ बरोबर बाळगू नये.